नळाला आलेलं गाणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

२००३ सालची गोष्ट. सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी आमचं गाव आहे आणि गावात एक जुनं संगीत मंडळ आहे. दर मार्गशीर्षात तीन रात्रींचा उत्सव होतो. मी तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, त्यामुळे माइक खरखरला किंवा संगणक अडला की मंडळी माझ्याकडे येत. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मंडळाचे सचिव एक कापडी पिशवी घेऊन घरी आले. पिशवीत चौदा कॅसेटी होत्या.

"सर, वेबसाइट झाली. फोटो लागले, कार्यकारिणीची नावं लागली. पण लोक विचारतात, संगीत मंडळाची वेबसाइट आणि मुकी कशी? तेवढं गाणं टाका की तिच्यात."

'तेवढं गाणं टाका' म्हणजे किती, याचा हिशेब तेव्हा सचिवांना नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धाच होता. तो अर्धा हिशेब पुढे आम्हाला फार महाग पडला. म्हणून आज तो तुमच्यापुढे पूर्ण मांडतो.

संगणकाला आवाज कळत नाही, आकडे कळतात. सीडीवर गाणं भरताना एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजतात. प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे शून्य आणि एक यांच्या १६ घरांत लिहितात. शिवाय डावा आणि उजवा कान वेगळा. गुणाकार केला तर एका सेकंदाच्या गाण्याचे १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. तासाभराच्या बैठकीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आता दुसरी बाजू बघा. २००३ साली घरोघरी टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम होता. तो अगदी जोरात चालला तरी सेकंदाला ५६ हजार बिट आणायचा, आणि आमच्या गावात तो जोरात कधीच चालला नाही. या वेगानं तासाभराचं गाणं उतरवून घ्यायचं तर पंचवीस तास लागणार. तोवर फोन अडकलेला, बिल चढतंय आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यावर दोन तोडगे निघाले होते आणि दोन्ही एकदमच लागतात.

पहिला तोडगा असा, की सगळं गाणं उतरायची वाट कशाला बघायची? जेवढं आलं तेवढं वाजवायला लागावं आणि बाकीचं मागून येत राहावं. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. अमेरिकेत सिअॅटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीनं, जी पुढे रियलनेटवर्क्स झाली, एप्रिल १९९५ मध्ये 'रियल ऑडिओ' बाजारात आणलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सिअॅटल आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या बेसबॉल सामन्याचं धावतं वर्णन त्यावरून इंटरनेटवर थेट ऐकवलं गेलं. आपल्याकडे विदेश संचार निगमानं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला.

स्ट्रीमिंग समजून घ्यायला आपल्या घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढी धार येते. पण तुम्ही अंघोळ टाकीतल्या पाण्यानं करता, त्यामुळे बाहेरच्या धारेचा चढउतार तुम्हाला जाणवत नाही. संगणकातही गाणं आधी एका छोट्या टाकीत साठतं आणि तिथून वाजतं. या टाकीला बफर म्हणतात. वाजवण्याचं बटण दाबल्यावर सुरुवातीला जो थोडा वेळ जातो, तो टाकी भरण्याचा. आणि ऐन समेवर गाणं थांबून पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं, तेव्हा समजावं की टाकी कोरडी पडली. टाकी कितीही मोठी बांधली, तरी खर्च धारेपेक्षा जास्त असेल तर ती कधीतरी रिकामी होणारच.

म्हणून दुसरा तोडगा. खर्चच कमी करायचा, म्हणजे गाणं दाबून लहान करायचं. माणसाच्या कानाची एक खोड आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज त्याला ऐकू येत नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचं कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी इतरांबरोबर याच तत्त्वावर जी पद्धत घडवली, तिच्या फायलींना १९९५ मध्ये 'एमपीथ्री' हे शेपूट लागलं. त्यांच्यातले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' घेतलं होतं. त्यात कुठलंही वाद्य नाही, नुसता गळा आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत तो गळा चांगलाच बिघडून बाहेर येई. नुसता गळा दाबणं किती अवघड आहे हे त्यांना तेव्हा कळलं. आपल्याकडचा कुठलाही तंबोऱ्यावर बसलेला माणूस त्यांना हे आधीच सांगू शकला असता.

कारण तंबोरा हेच दाबणाऱ्याचं खरं संकट आहे. जवारी नीट लागलेल्या तारेतून जे असंख्य बारीक सूर झिरपत असतात, ते यंत्राच्या हिशेबात 'न ऐकू येणारे' ठरतात. गाणं फार दाबलं की गायकाचा गळा कसाबसा टिकतो, पण तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. टाळ्यांचीही तीच गत. शेकडो हातांचा आवाज यंत्राला नीट पकडता येत नाही, त्याचं तेलात काही तळल्यासारखं होतं.

हे मला २००३ साली ठाऊक होतं, तरीही मी त्या चौदा कॅसेटी सेकंदाला २० हजार बिटांवर आणल्या. म्हणजे सीडीच्या सत्तराव्या हिश्श्यावर. माझा विचार साधा होता. ऐकणाऱ्याकडे मोडेम आहे, तर मोडेमला पेलेल तेवढंच द्यावं. तो विचार आजही चुकीचा वाटत नाही. गाणं सुरू झालं, सचिवांनी पेढे वाटले, गावातली जी मुलं अमेरिकेत होती त्यांची पत्रं आली. चूक वेगळीच होती. कॅसेटीवरून संगणकात घेतलेल्या मूळ मोठ्या फायली मी पुसून टाकल्या. हार्ड डिस्क भरली होती, नवी घ्यायची तर खर्च होता आणि कॅसेटी काय, कपाटात होत्याच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीकरांना त्याचं वर्णन करून सांगायला नको. मंडळाचं कार्यालय तळमजल्यावर. पाणी उतरलं तेव्हा आत ढोपरभर गाळ होता. साफसफाईला आलेल्या पोरांनी गाद्या, सतरंज्या, रजिस्टरं यांच्याबरोबर कपाटातल्या कॅसेटीही ढिगात टाकल्या. त्यांना कोण दोष देईल? त्या चौदांपैकी तेरांमधल्या कलाकारांचं गाणं इतरत्रही मिळतं. चौदावी मात्र आमच्या मंडळाच्या संस्थापक गुरुजींची होती. ते गावाबाहेर कधी गायले नाहीत. त्यांचा मारवा त्या एका कॅसेटीवर होता.

आता उरली होती फक्त माझी ती दाबलेली फाइल, आणि तीही कुठल्या ब्राउझरमध्ये वाजेना. रियलप्लेअर एव्हाना लोकांच्या संगणकांतून गेला होता. फायली उलगडणारी एफएफएमपेग नावाची एक मोफत प्रणाली आहे, तिच्यातून ती वाजली. पण दाबताना जे फेकलं ते परत येत नाही. गुरुजींचा रिषभ ओळखू येतो. मागचा तंबोरा मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तसा वाजतो.

त्यानंतर मंडळानं ठरवलं की पुन्हा पहिल्यापासून नीट करायचं. ते कसं केलं ते सांगतो, कारण शाळा, वाचनालयं, व्याख्यानमाला, भजनी मंडळं अशा कितीतरी जणांना हे करायचं असतं आणि ते फारसं कठीण नाही.

आधी मूळ प्रत. कॅसेट असो वा नवीन ध्वनिमुद्रण, ते न दाबता संगणकात घ्यायचं आणि त्या फाइलीला पुन्हा हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या, आमच्यासारखं नदीकाठचं गाव असेल तर एक परगावी. लोकांना द्यायच्या प्रती यातून काढायच्या, आणि त्या हव्या तितक्या वेळा काढता येतात. बोलणं असेल तर सेकंदाला ६४ हजार बिट पुष्कळ होतात. गाण्याला १२८ हजार तरी द्यावेत. जुन्या कॅसेटीत दोन्ही कानांना एकच आवाज असेल तर एकाच कानाची फाइल करावी. तेवढ्याच बिटांत आवाज दुपटीनं सुधारल्यासारखा वाटतो.

ही फाइल वेबसाइटवर ठेवायला आज वेगळं यंत्र लागत नाही. पूर्वी ब्राउझरला गाणं वाजवता येत नसे. आधी रियलप्लेअर, मग फ्लॅश अशा कुबड्या लागत. २०१४ साली एचटीएमएल-५ हे प्रमाण पक्कं झालं तोवर ऑडिओ आणि व्हिडिओ वाजवण्याची सोय ब्राउझरमध्येच आली होती. फ्लॅशचा आधार तर ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपला. आता पानावर एक ओळ लिहिली की वाजवण्याचं बटण दिसतं. फक्त सर्व्हरकडून एक गोष्ट विचारून घ्यावी. मागितलं तर तो फाइलीचा मधलाच तुकडा देतो का? देत असेल तर ऐकणाऱ्याला आलाप ओलांडून थेट द्रुत बंदिशीवर जाता येतं. नसेल तर बिचाऱ्याला सगळं उतरेपर्यंत बसावं लागतं.

व्हिडिओच्या बाबतीत एक बारीक खोच आहे. एमपीफोर फाइलीत कुठलं चित्र कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीत ती बऱ्याचदा शेवटी असते, कारण चित्रण संपेपर्यंत ती लिहिताच येत नाही. अशी फाइल तशीच चढवली तर काही ठिकाणी ती सगळी उतरेपर्यंत सुरूच होत नाही. आमच्या एका चित्रफितीबद्दल 'वेबसाइट बंद आहे' अशा तक्रारी आल्या. मी दोन दिवस सर्व्हरवर संशय घेत बसलो, दोष अनुक्रमणिकेचा होता. एफएफएमपेगला सांगितलं की ती अनुक्रमणिका उचलून पहिल्या पानावर आणून ठेवतो.

आणि कृपा करून पान उघडताच गाणं आपोआप सुरू करू नका. कचेरीत गुपचूप वेबसाइट बघणाऱ्याची पंचाईत होते. क्रोमसारख्या ब्राउझरांनीही २०१८ पासून आवाजासकट आपोआप वाजणं रोखायला सुरुवात केली, ते बरंच झालं.

यंत्रापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो नोंदींनी. आवाज शोधयंत्राला सहसा वाचता येत नाही. पानावर राग, ताल, गायक, साथीदार, तारीख, ठिकाण लिहिलं नसेल तर ते गाणं असून नसल्यासारखं. आमच्या कित्येक फितींवर फक्त 'शनिवार रात्र' एवढंच लिहिलेलं. त्यासाठी जुन्या सभासदांना बसवून ऐकवावं लागलं. एका फितीवरून दोघांचं इतकं वाजलं की एक जण चहा न घेताच उठून गेला.

परवानगीचा विषयही याच वेळी निघाला. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो अधिक स्पष्ट झाला. बिदागी दिली म्हणजे इंटरनेटवर ठेवायची परवानगी मिळाली असं होत नाही. आम्ही एक साधा कागद केला आणि गायकाबरोबर साथीदारांचीही सही घेऊ लागलो. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे तबलजी कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

२०२३ च्या उत्सवात आम्ही थेट प्रक्षेपणाला हात घातला. इथे माझी दुसरी फजिती झाली. मी आज ज्या माध्यमातून बोलतोय त्या रेडिओचं एक वैशिष्ट्य आहे. मनोऱ्यावरून लहर सुटली की ती दहा जणांनी ऐकली काय आणि दहा लाखांनी ऐकली काय, मनोऱ्याची वीज तेवढीच जळते. इंटरनेटवर तसं नाही. तिथे प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी गाण्याची वेगळी धार सोडावी लागते. मी सभागृहातच एक संगणक सर्व्हर म्हणून मांडला, त्यावर आइसकास्ट ही मोफत प्रणाली बसवली आणि लोकांना दुवा कळवला. सभागृहाच्या जोडणीतून सेकंदाला एक कोटी बिट बाहेर जाऊ शकत होते आणि एका श्रोत्याला १ लाख २८ हजार लागत होते. भागाकार केला तर अठ्ठ्याहत्तर येतात. तो मी केला नव्हता. पहिल्या रात्री विलंबित संपेपर्यंत सगळं छान चाललं. मग शंभराच्या आसपास लोक आले आणि एकट्या शेवटच्यांचं नाही, सगळ्यांचंच गाणं अडखळायला लागलं. माझा फोन थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत सर्व्हर पंगतीतल्या वाढप्यासारखा असतो. प्रत्येक पानापाशी जायचं, कोणाचं काय संपलं ते लक्षात ठेवायचं. अॅपलनं २००९ मध्ये एचएलएस नावाची जी पद्धत आणली ती बुफेसारखी आहे. चालू गाण्याचे सहा-दहा सेकंदांचे छोटे तुकडे करून टेबलावर मांडायचे आणि शेजारी एक यादी ठेवायची. ऐकणाऱ्याचा ब्राउझर किंवा फोन यादी वाचतो आणि आपला आपण पुढचा तुकडा उचलून नेतो. प्रत्येक तुकडा दोन-तीन आकारांत ठेवला की गंमतच. ज्याच्या नळाला धार बारीक, तो लहान तुकडा उचलतो, धार वाढली की मोठा. गाणं तुटत नाही, फक्त थोडं खडबडीत किंवा थोडं गुळगुळीत होतं.

शिवाय बुफेची टेबलं गावोगाव मांडता येतात. मोठ्या सेवा असे तुकडे जगभरच्या शहरांत ठेवतात, म्हणजे न्यू जर्सीतल्या माणसाला सांगलीपर्यंत हात लांबवावा लागत नाही. अकामाई ही कंपनी १९९८ पासून हेच करत आली. १९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला तोही अशाच मांडणीच्या जोरावर. आमच्या सभागृहातून आता एकच धार बाहेर जायची, पुढचं वाटप दुसरं कुणी करायचं. त्या सेवेला तीन रात्रींचे जे पैसे पडले ते मंडपवाल्याच्या बिलापुढे काहीच नव्हते.

कॅमेरा लावू या असं तरुण मंडळींचं म्हणणं होतं आणि तिसऱ्या रात्री आम्ही लावलाही. पण माझं मत नोंदवून ठेवतो. बऱ्यापैकी चित्राला सेकंदाला वीस लाख बिट तरी हवेत, चांगल्या आवाजाला त्याच्या पंधराव्या-सोळाव्या भागात भागतं. चित्र धूसर झालेलं लोक चालवून घेतात, आवाज तुटला की उठून जातात. पैसे एकाच गोष्टीला असतील तर ते चांगल्या माइकला घालावेत.

बुफेला एक तोटा आहे, उशीर होतो. तुकडे करायचे, मांडायचे, ऐकणाऱ्यानं दोन-तीन साठवून मग वाजवायचे, यात अर्धं मिनिट सहज जातं. आमच्या मंडळात चाळीस वर्षं पेटीची साथ केलेले एक ज्येष्ठ वादक तेव्हा पुण्यात मुलीकडे अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या मुलीनं दुसऱ्या रात्री मला फोन लावून दिला आणि फोन त्यांच्या उशाशी तसाच चालू ठेवला. मी सभागृहात मागे उभा होतो. एक अवघड तिहाई घेऊन गायिका समेवर आली, टाळ्या पडल्या, टाळ्या थांबल्या, ती पुढच्या आवर्तनात शिरलीसुद्धा. आणि मग माझ्या कानाशी धरलेल्या फोनमधून, अर्धं मिनिट मागून, बारीक आवाजात दाद आली, "वा बाई!"

गुरुजींची ती दाबलेली फाइल वेबसाइटवर ठेवावी की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. इतकं खराब ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवणं हा गुरुजींचा अपमान, असं काहींना वाटत होतं. शेवटी नोंदीसकट ठेवली. तारीख, साथीदार आणि 'मूळ कॅसेट पुरात नष्ट' असा शेरा. गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी त्याच कॅसेटीवरून स्वतःसाठी एक प्रत करून घेतली होती, ती सापडली आहे. मी जाऊन घेऊन आलो. लेबलवर राग पूरिया लिहिलाय, तो मारवाच असावा. आतली फीत ठीक दिसते. माझ्या कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा मात्र कडक होऊन तुटला आहे. तो मुंबईहून मागवला आहे, तोवर कॅसेट कपाटात नाही, माळ्यावर ठेवली आहे.